आमची वाटचाल आणि ड्रॉवरमधले कोरे फॉर्म

2009 ला कऱ्हाडात भावाच्या मोकळ्या जागेत पत्रा मारला आणि विकायला दोन जुन्या गाड्या उभ्या केल्या, एक मारुती 800 आणि एक इंडिका, तिथनं आमच्या जुन्या गाड्यांच्या धंद्याची सुरुवात. बोर्डावर 'ऑटो कन्सल्टंट' असं ठसठशीत लिहिलेलं, पण कन्सल्ट करण्याएवढा कायदा मला पुढची सात-आठ वर्षं तरी माहीत नव्हता हे कबूल करतो.

तेव्हाची पद्धत अशी की गाडी विकायला आलेल्या पार्टीकडनं फॉर्म 29 आणि 30 वर, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या आरटीओच्या फॉर्मवर, कोऱ्या सह्या घ्यायच्या, सही कुठं करायची तिथं मी पेन्सिलनं आधीच फुल्या मारून ठेवायचो, मग पैसे द्यायचे आणि फॉर्म ड्रॉवरमध्ये. गिऱ्हाईक लागलं की फॉर्म त्याच्या हातात, नावावर करेल नाहीतर तसाच फिरवेल, आपलं काम झालं. विकणाऱ्यानं 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं हे कायद्यातच आहे पण कायदा वाचतो कोण.

2017 च्या पावसाळ्यात एक रिटायर्ड गुरुजी ओल्या छत्रीसकट दुकानात आले, हातात अपघात भरपाईच्या ट्रिब्युनलचं समन्स. त्यांनी मला दिलेली गाडी दोन हात फिरून कुणाकडं तरी गेलेली, इन्शुरन्स संपलेला, आणि एका मोटारसायकलवाल्याला धडक बसलेली. आरसीवर नाव अजून गुरुजींचंच. एवढंच म्हणले, "तुम्ही म्हणाला होता की आठवड्यात नाव चढतंय." काय उत्तर देणार.

वकील म्हणले वाद घालून उपयोग नाही, आणि नंतर 2018 च्या फेब्रुवारीत नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार केसमध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच सांगितलं, गाडी किती का हात फिरेना, रजिस्टरला ज्याचं नाव तोच मालक आणि भरपाईही त्याच्यावरच. आमची केस तडजोडीत मिटली, पैसे मी भरले, सहा महिने दुकान उसनवारीवर चाललं.

त्यानंतर आम्ही नियम केला, नाव चढल्याशिवाय गाडीची दुसरी चावी द्यायची नाही. सुरुवातीला पार्ट्या पळाल्या, शेजारचा तासात गाडी देतोय, तुमचीच कसली नाटकं. मग 1 एप्रिल 2023 पासून केंद्राचे नियमच आले, डीलरनं आरटीओकडनं पाच वर्षांचं ऑथरायझेशन घ्यायचं, गाडी ताब्यात घेतली की फॉर्म 29सी, म्हणजे मालकानं गाडी डीलरकडं दिल्याची खबर, सरकारी पोर्टलवर भरायचा, तिथून पुढं गाडीची जबाबदारी डीलरची. ट्रायलला गाडी काढली तरी कोण घेऊन गेलं, किती किलोमीटर झाले, सगळी नोंद. पोरं वैतागतात, पण मला हे आवडलं, आता निदान गुरुजींसारख्या माणसाला दाखवायला एक कागद आहे.

लोनचं दुखणं वेगळंच. आमच्या लाइनीत सगळे फ्लॅट रेट सांगतात, म्हणजे हप्ते फिटत गेले तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण रकमेवर, "साहेब फक्त नऊ टक्के", मीही सांगायचो, कमिशन मिळायचं ना. 4 लाख, 5 वर्षं, नऊ टक्के फ्लॅट म्हणजे 1 लाख 80 हजार व्याज, हप्ता 9,667. हेच घटत्या शिल्लकीवर, म्हणजे फेडायच्या उरलेल्या रकमेवर मोजलं तर जवळपास पावणेसोळा टक्के पडतात. 1 ऑक्टोबर 2024 पासून आरबीआयनं लोन देणाऱ्यांना की फॅक्ट स्टेटमेंट द्यायला लावलंय, त्यात सगळे चार्जेस धरून वर्षाचा दर लिहिलेला असतो. आम्ही ते पान गिऱ्हाइकापुढं ठेवतो आणि त्या आकड्याला पेनानं गोल करतो. दोन-चार जण उठून सरळ बँकेत गेले, जाऊ देत. आणि जुन्या गाडीवर बोजा असला तर फॉर्म 35 (बोजा उतरवायचा फॉर्म) आणि फायनान्सची एनओसी हातात आल्याशिवाय आम्ही टोकनही घेत नाही.

अजून एक काम राहिलंय. 2018 च्या आधी ज्यांनी आमच्याकडं गाडी दिली त्यांनी एकदा परिवहनच्या अॅपवर नंबर टाकून बघा, अजून तुमचंच नाव दिसत असलं तर जुन्या कागदाच्या झेरॉक्स घेऊन दुकानात या, आरटीओच्या फेऱ्या आणि खर्च आमचा. रविवारी बंद असतं.