थरथरणारं सॅलड

आमच्या गल्लीत (इथे मिनेसोटात तिला गल्ली म्हणत नाहीत, मी म्हणते) दर चार जुलैला पॉटलक असतं. रस्ता बंद करतात, टेबलं मांडतात आणि ज्याने त्याने आपलं भांडं आणून ठेवायचं. पहिल्या वर्षी मी काकडीची कोशिंबीर नेली होती, दाण्याचं कूट वगैरे घालून, तर शेजारच्या आजी म्हणाल्या सॅलडं तिकडे ठेव. गेले तर तिथे बटाट्याचं सॅलड, मॅकरोनीचं सॅलड आणि मधोमध एक पोपटी रंगाची, मधे भोक असलेली भलीमोठी जेली, वर लालभडक चेऱ्या. मला वाटलं कुणीतरी घाईत गोडाची डिश इकडे ठेवून गेलंय, म्हणून मी मदतीच्या भावनेने ती उचलली आणि केकच्या टेबलावर नेऊन ठेवली. उचलल्यावर ती अशी काही डुलली ना, की चार पावलं चालेपर्यंत माझा जीव वरखाली. दोन मिनिटांत आजींनी ती परत आणून माझ्या कोशिंबिरीच्या शेजारी ठेवली आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "हे सॅलड आहे."

आता यावर काय बोलणार. चव घेतली तर लिंबासारखी आंबटगोड, आत अननसाचे तुकडे, अक्रोड आणि काहीतरी पांढरं पांढरं. ते कॉटेज चीज होतं हे नंतर कळलं, म्हणजे आपलं पनीर दाबायच्या आधी जसं दिसतं साधारण तसं, थोडं खारट. ऐकायला भयंकर वाटतं, मलाही वाटलं होतं. पण ग्रिलवरच्या जळक्या मक्याबरोबर ते इतकं गार आणि मस्त लागलं की मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. नवऱ्याने हात लावला नाही, तो अजूनही लावत नाही, त्याचं जाऊ दे.

मग मला या प्रकाराचा नादच लागला. ही जेली ज्यापासून करतात ती जेल-ओ पावडर १८९७ सालची, न्यूयॉर्क राज्यातल्या लीरॉय नावाच्या छोट्या गावात पर्ल वेट म्हणून एक सुतार होता, तो घरी खोकल्याची औषधं पण करायचा, त्याने जिलेटीनमध्ये साखर आणि फळांचा स्वाद घातला आणि त्याच्या बायकोने, मे तिचं नाव, जेल-ओ हे नाव ठेवलं. विकता काही येईना बिचाऱ्याला, म्हणून दोन वर्षांनी गावातल्याच ऑरेटर वुडवर्डला सगळा हक्क साडेचारशे डॉलरला देऊन टाकला. साडेचारशे! पुढे त्याचं काय झालं ते अमेरिकेतल्या कुठल्याही दुकानात बघा.

पण सॅलड का, तर त्याच सुमाराला सॅलड जिलेटीनमध्ये बसवायची फॅशन आली होती. पेनसिल्व्हेनियातल्या एका बाईंनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोबी, सेलरी, ढोबळी मिरची आंबट जिलेटीनमध्ये गोठवून परफेक्शन सॅलड केलं आणि एका स्पर्धेत तिसरं बक्षीस मिळवलं. त्या काळच्या गृहविज्ञानवाल्या बायकांना ताटात पसरलेला पालापाचोळा आवडायचा नाही म्हणे, सगळं कसं साच्यातून काढल्यासारखं नीटनेटकं पाहिजे. मग १९३० मध्ये लाइम फ्लेवर आला, तो आंबट, म्हणजे सॅलडला बरा. साठच्या दशकात तर सेलरी आणि टोमॅटोच्या स्वादाची जेल-ओ पण निघाली होती. ती बंद पडली, देवाची कृपा.

आजींनी मात्र मला एका वाक्यात खरं कारण सांगितलं. त्या आयोवातल्या शेतावर वाढलेल्या, ऐंशीच्या पुढे आहेत. म्हणाल्या, आमच्या आईकडे जेव्हा फ्रिज आला ना, तेव्हा चर्चच्या जेवणाला जेली नेली की न सांगता सगळ्यांना कळायचं की यांच्याकडे फ्रिज आला. मी हसतच सुटले, कारण सांगलीत आमच्याकडे १९८६ ला फ्रिज आला तेव्हा आईने नेमकं हेच केलं होतं! गल्लीत पहिला फ्रिज. त्या वर्षीच्या माझ्या वाढदिवसाला स्टीलच्या वाट्यांमध्ये लाल जेली, वर पिवळं कस्टर्ड, त्यात केळं आणि डाळिंबाचे दाणे. पोरं जेली खाण्याआधी चमच्याने टपल्या मारून हलवून बघत होती आणि समोरच्या काकू मुद्दाम स्वयंपाकघरात येऊन फ्रिजचं दार उघडून बघून गेल्या.

तर आजींनी मला त्यांच्या आईचा ॲल्युमिनियमचा साचा दिला, कडेला पोचे आलेला, आणि तोंडी रेसिपी. छोटी दोन पाकिटं लाइम जेली (प्रत्येकी ८५ ग्रॅमचं), दोन कप उकळतं पाणी, ढवळत राहायचं दोन मिनिटं, एकही कण दिसता कामा नये. मग एक कप अननसाचा गार रस, तो डब्यातलाच निघतो. आणि मग थांबायचं. हे थांबणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण पातळ असतानाच फळं घातली तर काही तळाला जातात आणि सफरचंद, केळी वर तरंगत बसतात. फ्रिजमध्ये ठेवून दर दहा मिनिटांनी बघायचं, चमचा फिरवला की गार केलेल्या साबुदाण्याच्या खिरीसारखं जड हलायला लागलं की लगेच अननस, कप-सव्वा कप कॉटेज चीज आणि मूठभर अक्रोड घालून साच्यात ओतायचं. रात्रभर ठेवायचं.

मी पहिल्यांदा केलं तेव्हा हुशारी केली. डब्यातला अननस कशाला, ताजा आणू, इतका छान मिळतोय. सकाळी बघते तर साच्यात हिरवं सरबत. परत फ्रिजमध्ये ठेवलं, दुपारी पण सरबतच. आजींना फोन केला तर त्या आधी पोटभर हसल्या. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते जिलेटीनच्या प्रोटीनचे तुकडेच करून टाकतं, मग जेली धरून ठेवणारं जाळं बनणार कसं. पपई, किवी, अंजीर, आलं, सगळ्यांचं तेच. डब्यातला अननस तापवलेला असतो म्हणून त्याचं काही चालत नाही. आपल्याकडे मटण मऊ व्हायला कच्ची पपई लावतात, तोच प्रकार, फक्त इथे माझ्या सॅलडचं मटण झालं.

साच्यातून काढणं हा वेगळा अध्याय. गरम नाही, कोमट पाण्यात साचा दहा सेकंद बुडवायचा, कडेने बोटाने हलकेच जेली आत ओढायची म्हणजे हवा शिरते, आणि ताटली आधी पाण्याने ओली करायची. हे ओलं करणं मला फार आवडलं, कारण जेली मधोमध पडली नाही तर कोरड्या ताटलीवर ती चिकटून बसते, ओल्यावर सरकवता येते. ताटली साच्यावर पालथी घालायची, श्वास रोखायचा, उलटवायचं. आधी काहीच होत नाही. मग एक हळूच "प्लक" असा आवाज येतो आणि ताटलीवर वजन पडल्याचं हाताला कळतं. तो आवाज ऐकायला मी हे सॅलड परत परत करते म्हटलं तरी चालेल.

गेल्या वर्षी आई आली तीन महिने. तिने सगळं कौतुकाने बघितलं आणि मग विचारलं, "जिलेटीन कशाचं असतं गं?" मी सांगितलं, गाय नाहीतर डुक्कर, कातडी आणि हाडं. आई गप्प. मग म्हणाली, "म्हणजे तेव्हा तुझ्या वाढदिवसाला..." "आई, नको विचार करूस." तेव्हा पाकिटावर हिरवा ठिपका कुठे होता बघायला. संध्याकाळपर्यंत ती काही बोलली नाही, मग स्वतःच म्हणाली की चायना ग्रास आण, आपण करू.

आम्ही केलं, आणि आधी तेही फसलं. चायना ग्रास म्हणजे अगर, समुद्री शेवाळ, ते नुसत्या गरम पाण्यात विरघळत नाही, चांगलं उकळावं लागतं, आणि गोठतं मात्र चाळीसच्या खाली आल्या आल्या, बाहेर ओट्यावरच. थांबायला वेळच देत नाही. आम्ही फ्रिजमधलं गार कॉटेज चीज ओतलं आणि क्षणात गुठळ्या, हिरवा उपमा. दुसऱ्या वेळी सगळं आधी बाहेर काढून ठेवलं, कपाला एक टीस्पून पावडर, लिंबाचा रस गॅस बंद केल्यावर घातला, आणि गंमत म्हणजे अननस ताजा वापरला! अगरमध्ये प्रोटीन नाही ना, ब्रोमेलेनला खायला काही मिळतच नाही. आईला हे इतकं आवडलं की तिने सांगलीला मावशीला फोन करून सांगितलं.

खरं सांगू का, तोंडात ते तसं विरघळत नाही. जिलेटीन जिभेच्या उबेने वितळतं, अगर नाही, ते दातांनी तुटतं, आणि दुसऱ्या दिवशी पाणी पण सोडतं. आजींनी खाऊन बघितलं, म्हणाल्या छान आहे, आणि ताटलीत अर्धं ठेवलं. साचा परत द्यायचा होता तर आईने रिकामं भांडं द्यायचं नाही म्हणून त्यात बेसनाचे लाडू भरून पाठवले, भोकाच्या भोवती गोल. ते मात्र आजींनी दोन दिवसांत संपवले आणि साचा परत माझ्याकडे पाठवला, आत पिठीसाखरेतल्या कुकीज.

या गणपतीला मंडळाच्या जेवणाची शीट आली, भाजी, भात, गोड, कोशिंबीर असे कॉलम. मी चायना ग्रासवालं लिहिलं कोशिंबिरीत. रात्री समितीतल्या ताईंचा फोन, "अगं, तुझी जेली चुकून कोशिंबिरीत पडलीय, मी गोडात टाकते हं."

"ताई, ते सॅलड आहे."

बराच वेळ त्या काही बोलल्याच नाहीत, मग म्हणाल्या, "बरं, किती माणसांपुरतं?"