आमची वाटचाल: हेडवाल्या अण्णांचा गाळा

दुकानाला बोर्ड नव्हता तेव्हाही लोक पत्ता सांगायचे, 'हेडवाल्या अण्णांकडे जा.' अण्णा म्हणजे माझे वडील. पुण्याच्या नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांमागच्या बोळात दहा बाय बाराचा गाळा, एक व्हाइस, एक ड्रिल मशीन आणि रॉकेलचा डबा. एवढ्या भांडवलावर त्यांनी आधी ट्रॅक्स, ट्रॅव्हलर आणि नंतर मारुती ओम्नीची हेडं, म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरांवर बोल्टनं आवळलेली झाकणं, बसवली. टॉर्क रिंच, म्हणजे ठरलेला जोर लागला की 'कट्' वाजणारा पाना, कधी हातात धरला नाही. "बोल्ट बोलतो," म्हणायचे. मला काही तो ऐकू यायचा नाही.

ट्रॅव्हलरच्या जुन्या डिझेल इंजिनाचं हेड बिडाचं, ते बरंच सोसतं. ओम्नीचं अ‍ॅल्युमिनिअमचं. 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, तेही पुढच्या सीटखाली कोंडलेलं, आणि मागे शाळेची पोरं खच्चून भरलेली. पाणी संपून एकदा तापलं की हेड कमान धरतं. अ‍ॅल्युमिनिअम तापल्यावर स्टीलच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, आणि बोल्ट तर स्टीलचे. मग हेडला जायला जागा कुठली?

आमचा धंदा बदलला तो कोथरूडच्या एका व्हॅनकाकांमुळे. शाळा सुरू व्हायच्या आधी त्यांचं हेड पॅकिंग, म्हणजे हेड आणि इंजिनाच्या मधली चपटी चकती, बदललं. दीड महिन्यात गाडी परत. पाणी कमी होतंय, बाहेर थेंब नाही, रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून थंड इंजिन चालू केलं की बुडबुडे. पुन्हा उघडलं, महागातलं पॅकिंग टाकलं, अण्णांनी वरून सिलिकॉनचा हात फिरवला. (आज सांगताना लाज वाटते. हेड पॅकिंगला सिलिकॉन लावायचं नसतं, त्याचे तुकडे सुटून पाण्याच्या वाटा बुजवतात.) कात्रजच्या घाटात तापमानाचा काटा पुन्हा लाल. तिसऱ्या खेपेला काका काहीच बोलले नाहीत. चावी टेबलावर ठेवली आणि स्टुलावर बसून राहिले. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्या दुपारी शेजारच्या लेथवाल्याकडून सरळ पट्टी मागून आणली. हेड घासून ट्यूबलाइटसमोर धरलं, पट्टी आडवी टेकवली. मधल्या सिलिंडरपाशी पट्टीखालून उजेड! वाकडेपणा 0.05 मिलिमीटरपर्यंत चालतो. फिलर गेजची (फट मोजायच्या पातळ पात्यांच्या जुडग्याची) 0.15 ची पाती कुठेही न अडकता पार गेली. म्हणजे दोन्ही वेळा आम्ही नवं कोरं पॅकिंग वाकड्या हेडखाली घातलं होतं. अण्णांनी ती पाती स्वतःच्या हातानं दोनदा घालून पाहिली आणि सगळ्यांना चहा सांगितला.

हेडला फेस मारून, म्हणजे खालची बाजू मशीनवर घासून सपाट करून, काम पुरं केलं, पैसे घेतले नाहीत. पुढे फेस मारायला भोसरीच्या चकरा सुरू झाल्या. गुरुवारी तिथे सुट्टी, आणि गाड्या नेमक्या बुधवारी संध्याकाळी यायच्या. शेवटी पतसंस्थेचं कर्ज काढून जुनं ग्राइंडिंग मशीन घेतलं. हप्त्यांची गोष्ट वेगळी सांगेन.

टॉर्क रिंच मात्र मी आधीच आणला होता. बोल्ट मधून सुरू करून कडेला जायचं, एका दमात नाही, तीन फेऱ्यांत. अण्णांनी त्यात त्यांची एक गोष्ट घातली, ती आजही चालू आहे: बोल्टची भोकं तारेला फडकं गुंडाळून कोरडी करायची. तळाशी तेल-पाणी राहिलं तर बोल्ट त्यावर अडतो, रिंच 'कट्' म्हणतो आणि हेड मात्र दाबलेलंच नसतं. कधी ब्लॉकलाही, म्हणजे हेडखालच्या इंजिनाच्या धडालाही, तडा जातो. पहिल्यांदा तो 'कट्' ऐकून अण्णा म्हणाले, "बघ, बोलला."

2019 मध्ये ओम्नीचं उत्पादन बंद झालं, 2020 मध्ये शाळा बंद झाल्या. दुकान जवळपास रिकामं. गाड्या सोसायट्यांच्या भिंतीला लागून उभ्या, आणि आत कूलंटऐवजी बोअरचं पाणी. 2022 च्या जूनमध्ये त्या परत आल्या तेव्हा हेडांच्या पाण्याच्या भोकांच्या कडा उंदरांनी कुरतडल्यासारख्या. नुसता फेस मारून भागेना. आधी आर्गन वेल्डिंगनं भरायचं, मग फेस. पण दर फेसला हेडची उंची कमी होते, कॉम्प्रेशन वाढतं, इंजिन ठोकायला लागतं. उंची फार कमी झालेली हेडं आम्ही सरळ परत देतो. गिऱ्हाईक रागावतं, दुसरीकडे जातं. जाऊ दे.

गाडी आणणार असाल तर आदल्या रात्री आणून लावा. गरम हेडचे बोल्ट आम्ही सोडत नाही. आणि गळती थांबवायला रेडिएटरमध्ये हळद टाकली असेल तर आधीच सांगा, धुवायचे पैसे वेगळे पडतात.