ऊन आहे, पण समुद्र कसा आहे? : ओशन बीचचा हिवाळी अंदाज

सॅन फ्रान्सिस्को शहराच्या पश्चिम कडेला सुमारे साडेपाच किलोमीटर लांबीचा, जवळजवळ सरळ रेषेत पसरलेला ओशन बीच नावाचा किनारा आहे. माझे घर तेथून चालत जाण्याच्या अंतरावर असल्यामुळे पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांची समुद्रावरची एक फेरी ठरलेलीच असते. दिवाळी आटोपली की डिसेंबरच्या सुट्टीत येणाऱ्यांचे फोन सुरू होतात आणि तिकिटांच्या पाठोपाठ प्रश्न येतो, "तिकडे हवा कशी असेल? समुद्रावर जाता येईल ना?" विचारणाऱ्यांच्या दृष्टीने तो एकच प्रश्न असतो. येथे मात्र त्याची दोन वेगवेगळी उत्तरे द्यावी लागतात, कारण या किनाऱ्यावर आभाळाचा अंदाज आणि पाण्याचा अंदाज यांचा एकमेकांशी फारच थोडा संबंध असतो.

आपण पुणेकर समुद्र पाहतो तो ताम्हिणी किंवा वरंधा घाट उतरून, दिवेआगरला, श्रीवर्धनला नाहीतर दापोलीच्या बाजूला. कोकणच्या समुद्राने आपल्याला एक सोपा नियम शिकवलेला आहे : पाऊस आणि खवळलेले पाणी एकाच वेळी येतात आणि एकाच वेळी जातात. महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते, नारळी पौर्णिमेला नारळ वाहून होड्या पुन्हा पाण्यात लोटल्या जातात, आणि त्यानंतर आभाळ निवळले म्हणजे समुद्रही निवळला असे आपण गृहीत धरतो. अरबी समुद्रातील मोसमी वारेच पाऊसही आणतात आणि लाटाही उठवतात, त्यामुळे हा नियम वर्षातील बहुतेक दिवस खरा ठरतो. पूर्णपणे मात्र तेथेही नाही. दक्षिण हिंदी महासागरातील वादळांच्या लाटा स्वच्छ उन्हात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर येऊन धडकतात आणि हैदराबादची इन्कॉइस ही संस्था त्यांचे इशारे देत असते. परंतु कोकणात सहलीला निघालेल्या किती कुटुंबांनी निघण्यापूर्वी तो इशारा पाहिलेला असतो, याविषयी मला दाट शंका आहे.

ओशन बीचवर हिवाळ्यात आदळणाऱ्या मोठ्या लाटा येथल्या वाऱ्याने उठलेल्या नसतात. त्या अलास्काच्या आखातात, अल्यूशन बेटांच्या दक्षिणेला किंवा त्याहूनही पलीकडे जपानच्या दिशेला घोंघावणाऱ्या वादळांत जन्म घेतात आणि वादळ मागे टाकून हजारो किलोमीटर चालत येतात. वादळातून निघताना लहानमोठ्या सगळ्या लाटा एकत्रच असतात, पण ज्या लाटांच्या दोन माथ्यांमध्ये अधिक सेकंदांचे अंतर असते त्या वेगाने पुढे सरकतात. आळंदीहून एकाच दिवशी निघालेल्या दिंड्या दिवे घाटापर्यंत लांबवर पांगलेल्या दिसतात, तसाच हा प्रकार आहे. 20 सेकंदांच्या लाटांचा समूह खोल पाण्यात ताशी सुमारे 56 किलोमीटर वेगाने येतो, तर 12 सेकंदांच्या लाटांचा ताशी सुमारे 34 किलोमीटर. म्हणजे 3000 किलोमीटरवरच्या वादळातून निघालेल्या या दोन समूहांच्या आगमनात जवळजवळ दीड दिवसाचे अंतर पडते. लाटांना वाटेत असे काही दिवस लागत असल्यामुळेच येथील अंदाज तीन-चार दिवस आधी बऱ्यापैकी खात्रीने सांगता येतो.

हे गणित बसवण्यात सर्वांत मोठा वाटा कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स संस्थेतील समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मंक यांचा होता. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी हाराल्ड स्वेर्ड्रुप यांच्यासह किनाऱ्यावर सैन्य उतरवण्यासाठी लाटांचा अंदाज बांधण्याची पद्धत तयार केली. पुढे 1963 मध्ये न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत मोजमापाची केंद्रे मांडून दक्षिण महासागरातल्या वादळांच्या लाटा अख्खा पॅसिफिक ओलांडून जातात, हे त्यांनी प्रत्यक्ष मोजून दाखवले. आज हा अंदाज अमेरिकेचे राष्ट्रीय हवामान खाते कोणालाही विनामूल्य देते. (वेधशाळेने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवावी, ही शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसवरून जाता-येता केली जाणारी थट्टा मीही लहानपणापासून ऐकत आलो आहे. लाटांच्या बाबतीत ती चालत नाही, कारण सांगितलेली लाट आधीच वाटेत निघालेली असते.)

अंदाज वाचताना नवखा माणूस फक्त उंची पाहतो आणि नेमके तेथेच फसतो. समजा दोन दिवसांचा अंदाज "6 फूट, 8 सेकंद" आणि "6 फूट, 16 सेकंद" असा आहे. उंची सारखीच दिसते. परंतु 8 सेकंदांची लाट खोल पाण्यात सुमारे 100 मीटर लांब असते आणि 16 सेकंदांची सुमारे 400 मीटर. तितक्याच उंचीच्या दुसऱ्या लाटेतून दुप्पट ऊर्जा किनाऱ्याकडे येत असते, शिवाय ती तळाला खूप आधी टेकू लागते आणि उथळ पाण्यात आल्यावर कितीतरी अधिक उंच होऊन फुटते. पहिल्या दिवशी किनाऱ्यावर नुसता खळखळाट असतो, तर दुसऱ्या दिवशी डोक्याच्या वर जाणाऱ्या भिंती उभ्या राहतात. यात आणखी एक मेख अशी की अंदाजात दिलेली उंची ही सर्वांत मोठ्या लाटेची नसते. ती मोजलेल्या लाटांपैकी सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते, आणि काही तासांत एखादी लाट तिच्या जवळजवळ दुप्पट उंचीची येऊ शकते. म्हणून मी घरातून निघण्यापूर्वी 46026 क्रमांकाच्या तरंगत्या यंत्राची ताजी नोंद पाहतो. हे यंत्र शहराच्या पश्चिमेला सुमारे 33 किलोमीटरवर समुद्रात नांगरलेले आहे, आणि लांब लाटांना तेथून किनाऱ्यापर्यंत यायला साधारण अर्धा-पाऊण तास लागत असल्यामुळे मोजे-बूट चढवून वाळूवर पोहोचेपर्यंत ती नोंद डोळ्यांसमोर उतरलेली असते.

दिशा अंशांत दिलेली असते. 270 ते 290 अंशांची, म्हणजे पश्चिमेकडून येणारी लाट येथे सरळ अंगावर येते. उत्तरेकडून फार तिरकी येणारी लाट पॉइंट रेयेसच्या भूशिरामागे काही अंशी अडते. शिवाय गोल्डन गेटच्या, म्हणजे येथल्या उपसागराच्या अरुंद तोंडाच्या, बाहेर घोड्याच्या नालेच्या आकाराचा एक प्रचंड वाळूचा बांध पाण्याखाली पसरलेला आहे. त्यावरून येताना लाटा वळतात आणि किनाऱ्याच्या काही भागांवर एकवटतात, त्यामुळे एकाच सकाळी उत्तर टोकाला जे दृश्य असते ते दक्षिणेला स्लोट रस्त्यापाशी असेलच असे नाही. वाऱ्याचे गणित त्यामानाने सोपे आहे : पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहणाऱ्या मतलई वाऱ्यात लाट नीटस उभी राहते, दुपारी वायव्येकडून खारा वारा सुटला की सगळे पाणी विसकटते. म्हणूनच येथील सर्फर मंडळी कामावर जाण्यापूर्वी, अंधार सरत असतानाच पाण्यात असतात.

भरती-ओहोटीच्या बाबतीत मात्र कोकणचे शहाणपण येथे पूर्णपणे निरुपयोगी ठरते. तिथीला तीनने गुणावे आणि चारने भागावे की भरतीची वेळ साधारण कळते, हा हिशेब कोकणातल्या अनेक घरांत तोंडपाठ असतो. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. आमच्या आत्यांचे माहेर-सासर दोन्ही पुण्यातले असले तरी त्यांनी हा नियम आजोळी गुहागरला शिकलेला आहे, आणि येथे आल्यावर त्यांनी कालनिर्णय उघडून तो लावूनही पाहिला. "अरे, तुमचा समुद्र पंचांग मानत नाही की काय?" असे त्यांनी मला विचारले. मानतो, पण येथल्या दिवसाच्या दोन भरत्या आणि दोन ओहोट्या असमान असतात. एक भरती मोठी व दुसरी लहान, एक ओहोटी खोल व दुसरी नावापुरती, आणि त्यांच्या वेळाही चंद्राच्या साध्या त्रैराशिकात बसत नाहीत. त्यामुळे तक्ता पाहण्यावाचून गत्यंतर नाही. गोल्डन गेटपाशी भरतीची नोंद 1854 पासून अखंड चालू असल्यामुळे तो तक्ता अतिशय भरवशाचा असतो. डिसेंबर आणि जानेवारीतील अमावास्या-पौर्णिमांच्या सुमारास वर्षातील सर्वांत मोठे उधाण येते, ते बहुधा सकाळी. त्याच वेळी मोठ्या लाटा आल्या तर वाळूचा पट्टा जवळजवळ नाहीसा होतो आणि पाणी टेकड्यांच्या पायथ्याला लागते. त्याच दिवशी दुपारी मात्र ओहोटी इतकी खोल असते की शंख-शिंपले शोधत हिंडता येते.

आता येणाऱ्यांसाठी प्रत्यक्ष अंदाज. नोव्हेंबरचा पूर्वार्ध हा शरद ऋतूचा शेवटचा तुकडा असतो : आकाश निरभ्र, पूर्वेचा कोरडा वारा, आणि उत्तर पॅसिफिकमधली पहिली दमदार वादळे. सर्फिंगच्या दृष्टीने ऑक्टोबर ते नोव्हेंबर हाच येथला उत्तम काळ मानला जातो आणि माझे मतही तेच आहे, मात्र हे पाणी नवशिक्यांचे नाही. येथे आत जाण्यासाठी धक्का नाही आणि भरवशाची वाटही नाही; पट्टीचे सर्फरसुद्धा फुटणाऱ्या लाटांच्या रांगा ओलांडता न आल्यामुळे परत फिरलेले मी पाहिलेले आहेत. पुण्याहून येणाऱ्या तरुण भाच्यांना फळीवर उभे राहण्याची हौस असेल तर त्यांना दक्षिणेला पॅसिफिका गावातील लिंडा मार किनाऱ्यावर न्यावे.

डिसेंबर ते फेब्रुवारी हे तीन महिने सर्वांत अवघड असतात. पाऊस याच काळात पडतो, पण दोन पावसांच्या मधले दिवस अत्यंत सुंदर असतात : दुपारी 14-15 अंश तापमान, वारा पडलेला, क्षितिजावर फॅरेलॉन बेटे स्पष्ट दिसतात. आणि याच दिवसांत, आदल्या आठवड्यात दूर कोठेतरी झालेल्या वादळाच्या 16 ते 20 सेकंदांच्या लाटा येऊन थडकतात. 23 डिसेंबर 2024 रोजी येथून दक्षिणेला असलेल्या सांताक्रूझच्या लाकडी धक्क्याचे टोक अशाच मोठ्या लाटांनी तुटून समुद्रात गेले आणि त्यावरची तीन माणसे पाण्यात पडली. सुदैवाने तिघेही वाचले. मोसमी पाऊस बिघडवणारा म्हणून आपल्याला ठाऊक असलेला एल निनो ज्या हिवाळ्यात जोरात असतो, त्या हिवाळ्यात वादळांचा मार्ग दक्षिणेकडे सरकतो, लाटा अधिक पश्चिमेकडून येतात आणि स्लोटच्या दक्षिणेचा किनारा झपाट्याने खचतो. 1997-98 आणि 2015-16 ही त्याची ठळक वर्षे होती.

मार्च ते मे म्हणजे वारा, इतके सांगितले तरी पुरे. जून ते ऑगस्टविषयी मात्र आवर्जून लिहायला हवे, कारण शाळांच्या सुट्ट्यांच्या नादाने पुष्कळ जण "तिकडे उन्हाळा आहे" असे म्हणत सुती कपडे घेऊन तेव्हाच येतात. वसंतातील वायव्य वारे किनाऱ्यालगतचे पाणी बाहेर ढकलतात, खालचे थंड पाणी वर येते, त्यावरची दमट हवा गारठून धुके होते, आणि आतल्या खोऱ्यातला कडक उन्हाळा ते धुके गोल्डन गेटमधून आत ओढून घेतो. आठवडाभर सूर्य न दिसणे आणि भर दुपारी स्वेटर घालावा लागणे यात काही विशेष नाही. गंमत अशी की याच करड्या, उदास आभाळाखाली समुद्र वर्षातील सर्वांत मवाळ असतो. न्यूझीलंडच्या बाजूच्या हिवाळी वादळांच्या लाटा आठवड्याहून अधिक प्रवास करून येतात, परंतु त्या बहुधा दमून, लहान होऊन पोहोचतात. एकूण विचार करता ऊन आणि समुद्र या दोघांनाही भेटायचे असेल तर सप्टेंबर हा महिना उत्तम, आणि गणपती आटोपून येणाऱ्यांना तो सोयीचाही आहे.

डिसेंबरच्या पाहुण्यांसाठी माझा शिरस्ता असा आहे. हवामान खात्याने "हाय सर्फ" (उंच लाटा) अथवा "बीच हॅझर्ड्स" (किनाऱ्यावरील धोके) असा इशारा दिलेला असेल तर ऊन कितीही छान पडलेले असो, ओल्या वाळूवर कोणीही उतरायचे नाही. लांब लाटा टोळ्यांनी येतात. दोन टोळ्यांच्या मध्ये दहा, पंधरा, कधी वीस मिनिटे पाणी अगदी निवांत असते आणि मग एक लाट कोरड्या वाळूवरच्या माणसांच्या गुडघ्यांपर्यंत चढते. त्या लाटेच्या परतीची ओढ मोठ्या माणसालाही खाली पाडते, आणि पाणी वर्षभर 10 ते 15 अंशांच्या दरम्यान असल्यामुळे पडलेल्या माणसाचा श्वास पहिल्या काही क्षणांतच अडखळतो. पोहता येणे येथे फारसे कामी येत नाही, कारण गारठलेले हातपाय काही मिनिटांत चालेनासे होतात आणि किनाऱ्यापासून आत खेचणारे प्रवाह जागा बदलत असतात. येथे पोहताना आणि पाण्यात चालताना माणसे बुडालेली आहेत असे स्पष्ट शब्दांत सांगणारे फलक वाटेवर लावलेले आहेत. तरी त्या फलकापाशी फोटो काढून लगेच पाण्याकडे पाठ करून उभे राहणारे आपले लोक पाहिले की मला हाक मारावी लागते.

अशा दिवशी मी पाहुण्यांना उत्तर टोकाला, सूट्रो स्नानगृहाच्या अवशेषांच्या वरच्या पायवाटेवर नेतो. तेथून लाटांची रांग क्षितिजापासून फुटेपर्यंत पूर्ण दिसते, आणि घड्याळ लावून दोन माथ्यांमधले सेकंद मोजण्याचा उद्योग मुलांना भलताच आवडतो. ज्यांना पाण्यात पाय बुडवायचेच असतील त्यांच्यासाठी शहराच्या उत्तरेला, गोल्डन गेटच्या आतल्या बाजूला ॲक्वाटिक पार्कची आडोशाची जागा आहे. पाणी तेथेही गारच असते, पण समुद्राच्या लाटा तेथे पोहोचत नाहीत.