कमीत कमी आणि जास्तीत जास्त

पदवीच्या पहिल्या वर्षाला रेषीय असमानतांचे, म्हणजे ‘इतक्याहून कमी’ किंवा ‘इतक्याहून जास्त’ अशा अटी चिन्हांनी मांडण्याचे, प्रकरण आले, तेव्हा नुसती असमानता दिलेली असली तर ती मी न चुकता सोडवीत असे. परंतु तीच गोष्ट कामाचे तास आणि कमाई यांच्या शाब्दिक उदाहरणातून आली की माझे उत्तर हमखास उलटे येई. चाचणीत अशी तिन्ही उदाहरणे चुकली, याचे मला फार वाईट वाटले, कारण तास आणि पैसे यांचा हिशेब तर मी रोजच करीत होते. कॉलेज सुटल्यावर नागपूरच्या इतवारीतील एका कापड दुकानात मला तासाला ६० रुपये मिळत, आणि नंदनवनातील शिकवण्यांचे तासाला १०० रुपये.

माझे मामा कळमना बाजारात संत्र्यांच्या अडतीवर हिशेब लिहितात. पेपर पाहून ते म्हणाले, "पुस्तकातलं राहू दे, तुझंच मांड नं." अभ्यासाला वेळ उरावा म्हणून आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम, आणि खर्च भागावा म्हणून कमीत कमी १५०० रुपये, अशा माझ्या दोन अटी होत्या. दुकानाचे तास क्ष आणि शिकवणीचे तास य मानून मी कमाईची अट ६०क्ष + १००य ≤ १५०० अशी लिहिली. मामांनी विचारले, "एखाद्या आठवड्यात सोळाशे मिळाले, तर शंभर परत करशील का?"

माझी चूक तेथेच उघडी पडली. ‘कमीत कमी’ या शब्दांत ‘कमी’ ऐकू येते म्हणून माझा हात ≤ (कमी किंवा समान) कडे जात होता, आणि ‘जास्तीत जास्त’ मधल्या ‘जास्त’मुळे तासांच्या अटीत मी ≥ (जास्त किंवा समान) लिहीत होते. चाचणीतील तीनपैकी दोन उदाहरणे याच कारणाने गेली होती. तेव्हापासून चिन्ह लिहिण्याआधी मी मर्यादेच्या वरचा एक आकडा घेते आणि तो चालेल का, एवढेच विचारते. १६०० रुपये चालतात, म्हणून ६०क्ष + १००य ≥ १५००. २१ तास चालत नाहीत, म्हणून क्ष + य ≤ २०. चिन्हाखालची रेघही तितकीच महत्त्वाची आहे, कारण दुकानात १० तास आणि शिकवणीचे ९ तास केले की नेमके १५०० रुपये होतात आणि ते मला पुरतात. इंग्रज गणितज्ञ थॉमस हॅरियट यांच्या १६३१ मध्ये छापलेल्या ग्रंथात < आणि > ही चिन्हे आली. ‘किंवा समान’ दाखविणारी चिन्हे फ्रेंच गणितज्ञ पिएर बुगेर यांनी १७३४ मध्ये वापरली, म्हणजे मध्ये शंभराहून अधिक वर्षे गेली.

तिसऱ्या उदाहरणातील चूक वेगळी होती. माझ्याच आकड्यांत सांगायचे, तर पूर्ण २० तास काम केल्यास शिकवणीचे तास २० − क्ष होतात, आणि ६०क्ष + १००(२० − क्ष) ≥ १५०० यातून −४०क्ष ≥ −५०० मिळते. ऋण संख्येने भागताना चिन्ह उलटते हा नियम मला पाठ होता, तरी शाब्दिक उदाहरणाच्या घाईत मी क्ष ≥ १२.५ असे लिहून मोकळी होत असे. पण ते ४० म्हणजे दोन कामांच्या दरांतील फरक आहे: शिकवणीचा एक तास दुकानाला दिला की ४० रुपये जातात. म्हणजे दुकानाच्या तासांना वरून मर्यादा हवी, क्ष ≤ १२.५. दुकानात १५ तास धरून पाहिले, तर ९०० आणि ५०० मिळून १४०० च होतात. हे एकदा पैशांत दिसल्यावर तो नियम मला पाठ ठेवावा लागला नाही.

दोन्हीकडे पूर्ण तासच मोजले जात असल्यामुळे १२.५ चे काय करायचे, हाही प्रश्न होता. शाळेच्या सवयीने मी १३ केले असते. पण १३ आणि ७ तासांचे १४८० रुपये होतात, तर १२ आणि ८ तासांचे १५२०. म्हणून मी १२ तास धरले.

पुढे सणाच्या दिवसांत दुकानदारांनी शिकवणीचे दोन तास सोडून १४ तास यायला सांगितले. वीसही तास शिकवणीचे धरले तर २००० रुपये होतात, म्हणून मी वहीच्या मागच्या पानावर २००० − ४० × १४ = १४४० असे मांडले, त्यांना तो आकडा दाखवला आणि १२ तासच येईन असे सांगितले.