भाव विचारणारे आणि हळद घेणारे

वसमतला आमची घरचीच हळद. शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची, दळून पाकिटं भरायची. वेबसाइट काढली, पण चार महिन्यांत ऑर्डर आल्या त्या पुण्याच्या पाहुण्यांच्याच.

मग गुगल ट्रेंड्स उघडलं; लोक गुगलवर कुठला शब्द कधी जास्त शोधतात, ते आलेखात दाखवणारं हे गुगलचंच साधन. महाराष्ट्र निवडला, मागचे १२ महिने घेतले आणि शब्द ताडून बघितले. ‘हळद बाजारभाव’ची रेघ सगळ्यांत वर. आकडा १०० दिसला की शंभर माणसांनी शोधलं, असं मी दोन दिवस धरून चाललो होतो (हसू नका). खरं तर १०० म्हणजे निवडलेल्या काळातलं सगळ्यांत वरचं टोक. बाकी आकडे त्याच्या तुलनेतले. किती माणसं, ते त्यात कळतच नाही.

मी प्रत्येक पानाच्या शीर्षकात ‘बाजारभाव’ घातला. माणसं आली की! फोनही आले: "आज क्विंटलला काय निघाला?" पाकीट एक खपलं नाही. आबांनी मोबाइलवर बोट ठेवलं, "आरं, ही माणसं हळद विकायलेत. घेणारं कोण हाय यात?"

आबांनी आयुष्यात वेबसाइट उघडलेली नाही.

मग घेणाऱ्यांचे शब्द शोधायला बसलो. तिथं ट्रेंड्सनं हात टेकले. ‘घरगुती हळद पावडर’ला पुरेशी माहितीच नाही म्हणे, शोध कमी असले की असंच होतं. शब्दाऐवजी ट्रेंड्समधला ‘विषय’ निवडला तर हळद, हल्दी, टर्मरिक सगळं एकाच रेघेत गोळा होतं. पानावर कुठला शब्द लिहायचा ते मात्र उमगत नाही. शेवटी सर्च कन्सोल बघितलं, म्हणजे वेबसाइटवाल्यांसाठीचं गुगलचं साधन. आमचं पान दिसलं तेव्हा लोकांनी नेमकं काय टाइप केलं होतं, ते तिथं मिळालं: भेसळ कशी ओळखायची, वर्षभराची हळद कधी भरायची.

ट्रेंड्स एका कामाला मात्र पक्कं उपयोगी पडलं. पाच वर्षांचा आलेख लावला, तर ‘उन्हाळी वाळवण’ दर उन्हाळ्यात वर चढलेलं. म्हणून साठवणीच्या हळदीचं पान जानेवारीतच लिहून टाकलं; गुगलला ते सापडून वर यायला वेळ लागतो. ‘बाजारभाव’ सगळीकडून काढला.

मार्चमध्ये नांदेडहून एका ताईंचा फोन आला. "दादा, हळदीचा भाव काय?"

माझ्या तोंडून आपसूक निघालं, "क्विंटलचा का किलोचा?"

"क्विंटल कुठं ठेवू? पाच किलो पाठवा."