आमची वाटचाल: आधी धुणं, मग जंतुनाशक

आमची सुरुवात दुकानांच्या फरशा धुण्यापासून झाली. रात्रपाळीत काम करताना दिसायचं की फरशी रोज पुसली जाते, काचा लख्ख होतात, पण दिवसभर शेकडो हात जिला लागतात ती खरेदीची ट्रॉली दाराशी तशीच उभी असते. विचारलं तर उत्तर यायचं, "पावसात धुतली जाते की!" ट्रॉल्या धुण्याचं हे काम नीट करणारं कोणीतरी हवं, असं वाटलं आणि आम्ही त्यात उतरलो.

सुरुवातीला बहुतेकांना नुसता फवारा मारून हवा होता. आम्ही त्याला तयार झालो नाही, आजही होत नाही. दांड्यावर मळ आणि तेलकटपणा असेल तर क्लोरीनची शक्ती त्या मळावरच खर्च होते, जंतूंपर्यंत काही पोचत नाही. म्हणून आधी साबणपाणी, मग स्वच्छ पाणी आणि शेवटी जंतुनाशक. तेही लेबलवर लिहिलेला वेळ पृष्ठभागावर ओलं राहायला हवं; फवारून लगेच पुसलं तर उपयोग नाही. क्लोरीनचं द्रावण धातूला गंज आणतं, त्यामुळे ट्रॉलीच्या धातूच्या जाळीसाठी आम्ही क्वाट (क्वाटर्नरी अमोनियम) या क्लोरीन नसलेल्या वर्गातलं जंतुनाशक वापरतो. ते सुती फडक्यात अडकून राहतं, म्हणून फडकी मात्र सुती नकोत.

आमचा सगळ्यात जास्त जीव असतो तो ट्रॉलीतल्या बाळाच्या सीटमध्ये. बाळ दांडा चोखतं, शेजारी कच्च्या मांसाची पिशवी असते. अमेरिकेत २००६ आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत, मांसाशेजारी ट्रॉलीत बसणं हा तान्ह्या मुलांमधल्या साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर या जुलाब घडवणाऱ्या जिवाणूंच्या संसर्गाशी जोडलेला धोका दिसला. सीटची घडी, बिजागरी आणि पट्ट्याचं बक्कल आम्ही हाताने ब्रशने घासतो. धुण्याच्या यंत्राचं पाणी तिथे पोचत नाही.

२०२० मध्ये कामाचा पूर आला. पुढे कोरोना मुख्यतः हवेतून पसरतो हे स्पष्ट झालं आणि बरेच करार थांबले. ट्रॉल्या धुण्याचं आमचं कारण तो विषाणू कधीच नव्हता, हे आम्ही प्रत्येक ग्राहकाला समजावलं. जे ग्राहक आमच्यासोबत राहिले, त्यांना एटीपी (सजीव पेशींत आढळणारा पदार्थ) मोजणाऱ्या मीटरवर धुण्याआधीचा आणि नंतरचा आकडा दाखवतो. हा मीटर जंतू मोजत नाही, उरलेला सेंद्रिय मळ दाखवतो. तेही स्पष्ट सांगतो.

हळूहळू चाकांचं कामही आमच्याकडे आलं. आसाला गुंडाळलेले केस आणि दोरे काढले की अडणारी ट्रॉली पुन्हा सरळ चालते. पण बेअरिंगवर जोराचा फवारा मारायचा नाही, ग्रीस निघून जातं. ट्रॉल्या एकमेकींत घुसवून ठेवलेल्या असतात. प्रत्येक सुटी करूनच धुवावी लागते, आणि पूर्ण वाळल्याशिवाय परत रांगेत लावता येत नाही. त्यासाठी मोकळी जागा लागते. म्हणून नवं काम घेताना दोन गोष्टी आधी विचारतो: वाळवायला जागा किती, आणि मळकट पाणी सांडपाण्याच्या वाहिनीत सोडायची सोय आहे का. नसेल तर ते टाकीत भरून नेतो. पावसाच्या गटारात सोडत नाही.