भजनी मंडळाच्या कॅसेटी: २३ झाल्या, फ्लॅकवर शिक्कामोर्तब

आजोबांच्या भजनी मंडळाच्या ४१ कॅसेटींपैकी २३ उतरवून झाल्या. पहिल्या सहा मात्र परत कराव्या लागणार. त्या थेट १२८ केबीपीएस (सेकंदाला १२८ हजार बिट) एमपीथ्रीत घेतल्या होत्या, म्हणजे फाइल लहान करायला आवाजाचा काही भाग टाकून देणाऱ्या फॉरमॅटमध्ये, आणि तेव्हा कानाला बऱ्या वाटल्या. मग विजेची घरघर कापली, टाळ जरा उठावदार केले, पुन्हा एमपीथ्रीत सेव्ह. दोनदा दळल्यावर टाळ पाण्याखालून वाजल्यासारखे यायला लागले.

या आठवड्यात सोक्षमोक्ष लावला. कॅसेट १९ मधला टाळ-मृदंगाचा मिनिटभराचा वेव्ह (न दाबलेल्या आवाजाचा) तुकडा घेतला, त्याची एमपीथ्री करून पुन्हा वेव्ह केली, ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये मूळ तुकड्याखाली ठेवून 'इन्व्हर्ट' केलं (लहर उलटी केली) आणि दोन्ही एकत्र वाजवले. सारखं असेल ते एकमेकांना मारतं, उरतो तो फक्त फरक. (एमपीथ्रीच्या सुरुवातीला थोडी शांतता चिकटते. ती काढून सॅम्पलला सॅम्पल (आवाजाची एकेक नोंद) भिडवा, नाहीतर प्रयोग फसतो.) उरली ती भजनाच्या लयीत चालणारी खरखर, टाळ पडायच्या किंचित आधीच सुरू होणारी! एरवी ती मूळ आवाजाखाली झाकली जाते, एमपीथ्रीची सगळी भिस्त त्यावरच. पण वर इक्यू (काही सूर उचलणं, काही दाबणं) चढवला की झाकण सरकतं. माझं तेच झालं होतं.

फ्लॅकचा, म्हणजे आवाजातलं काहीही न टाकता फाइल लहान करणाऱ्या फॉरमॅटचा, तोच प्रयोग केला: चिडीचूप.

साइझने मात्र चकवलं. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिटला (सेकंदाला ४८ हजार सॅम्पल, प्रत्येक १६ बिटांचं) ४५ मिनिटांची एक बाजू वेव्हमध्ये ५१८ एमबी. फ्लॅक करून ३३० च्या आसपास. निम्म्यावर येईल असं वाटलं होतं. पण फ्लॅक मागच्या सॅम्पलांवरून पुढच्याचा अंदाज बांधतो आणि चुकलेला फरक तेवढा साठवतो; टेपच्या हिस्सचा (सततच्या सळसळीचा) अंदाज कोण बांधणार? २४ बिटला तर खालचे बिट म्हणजे निव्वळ हिस्स. म्हणून रेकॉर्डिंग २४ ला, जपायची प्रत १६ ला. फ्लॅकची दाबण्याची लेव्हल ५ की ८ यात वेळ घालवू नका, आवाज तोच राहतो.

आत्याला ऑपस (एमपीथ्रीसारखाच, पण नवा फॉरमॅट) ९६ केबीपीएस पाठवलं, एक बाजू ३२ एमबी. 'अरे, अप्पांचा खाकरासुद्धा ऐकू येतोय!' असा तिचा फोन.

कॅसेट २४ अडली आहे. पट्टी हेडवर दाबणारा फेल्टचा तुकडा गळून पडलाय. उद्या एका रिकाम्या कॅसेटचा काढून चिकटवतो.